लीडर निवडण्याआधी डॉनचा हिशेब: झोरो, काताकुरी की एनेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्याकडे ‘वन पीस’ या जपानी चित्रकथेवरच्या ‘वन पीस कार्ड गेम’चा लुफीचा लाल स्टार्टर डेक आहे. शनिवार-रविवारी तुम्ही तीन मित्रांबरोबर खेळता. त्यांतला एक काताकुरी आणि दुसरा एडवर्ड न्यूगेट खेळतो, आणि तुम्ही बहुतेक वेळा हरता. एका नव्या डेकपुरते पैसे तुम्ही बाजूला काढले आहेत. तेव्हा झोरो, काताकुरी आणि एनेल यांपैकी सर्वांत ताकदवान लीडर (डेकचे नेतृत्व करणारे, त्यापासून वेगळे ठेवलेले कार्ड) कोणता, आणि तो घेतल्यावर आक्रमक खेळावे की बचावात्मक, असे तुम्ही विचारले आहे. निवड मिळाली तर पहिली पाळी घ्यावी की दुसरी, हा प्रश्नही शेवटी जोडला आहे.

माझ्या मते लीडर आणि धोरण हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. लीडर ठरला की दर पाळीत तुमचे डॉन, म्हणजे कार्डे उतरवायला किंवा जोडून पॉवर वाढवायला लागणारी खर्चाची कार्डे, कुठे खर्च होणार, हे बऱ्याच अंशी ठरून जाते, आणि या खेळात धोरण म्हणजे मुख्यतः डॉनच्या खर्चाचा क्रम. त्यामुळे ‘सर्वांत ताकदवान कोण’ या प्रश्नाऐवजी ‘हा लीडर माझ्याकडून दर पाळीत किती डॉन मागतो, त्याबदल्यात काय देतो, आणि ते घेण्याच्या स्थितीत मी त्या पाळीला असतो का’ हा प्रश्न विचारावा. नवशिक्यांना शिकवताना आणि स्वतःचे डेक बांधताना मी हाच प्रश्न धरून चालतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. तुम्ही घरी खेळता, म्हणून जुन्या संचांतले लीडर तुम्हाला चालतील. अधिकृत स्पर्धेत उतरायचे असेल तर बंदी असलेल्या कार्डांची चालू यादी आणि कार्डावर छापलेला ब्लॉक क्रमांक (ते कोणत्या काळातले, हे सांगणारा) खरेदीपूर्वी पाहणे आवश्यक आहे, कारण एकेकाळी सर्रास दिसणारे लीडर नंतर स्पर्धेतून बाद होऊ शकतात. शिवाय प्रत्येक नव्या संचाबरोबर लीडरांची उतरंड बदलते. हा खेळ बांदाई या जपानी कंपनीने जुलै २०२२ मध्ये जपानमध्ये आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इंग्रजीत आणला, आणि तेव्हापासून नवे संच सातत्याने येत आहेत. आज कोणी दिलेली क्रमवारी उद्या शिळी होईल. हिशेब करण्याची रीत मात्र टिकते, म्हणून मी तीच सविस्तर मांडतो.

नियम तुम्हाला ठाऊक आहेत, तरी आकडे समोर असू द्या. एक लीडर, पन्नास कार्डांचा डेक, दहा डॉन. एकाच क्रमांकाची जास्तीत जास्त चार कार्डे, आणि डेकमधले प्रत्येक कार्ड लीडरच्या रंगाचे. पहिल्या पाळीचा खेळाडू सुरुवातीला कार्ड ओढत नाही आणि त्याला एकच डॉन मिळते. पुढे दर पाळीत दोन-दोन. म्हणजे त्याच्याकडे अनुक्रमे १, ३, ५, ७, ९ आणि मग १० डॉन असतात, तर दुसऱ्या खेळाडूकडे २, ४, ६, ८, १०. डॉन म्हणजे ठरल्या तारखेला ठरलेलाच मिळणारा पगार आहे. जांभळ्या रंगाचे डेक सोडले तर तो फारसा वाढवता येत नाही. पहिल्या चार पाळ्यांत पहिल्या खेळाडूच्या हाती एकूण १६ डॉनचा खर्च येतो आणि दुसऱ्याच्या हाती २०. बहुतेक सामन्यांची दिशा याच चार पाळ्यांत ठरते. म्हणून लीडर वाचताना मी त्याच्या कार्डावरच्या मजकुरातले डॉन या १६ किंवा २० मधून वजा करून पाहतो.

दुसरा आकडा काउंटरचा, म्हणजे हल्ला अडवताना हातातले कार्ड टाकून मिळणाऱ्या जादा पॉवरचा. बहुतेक लीडरांची पॉवर ५००० असते, हल्ला बरोबरीत सुटला तरी हल्लेखोराचाच लागतो, आणि हातातल्या कॅरेक्टर (मैदानात उतरून लढणाऱ्या पात्रांच्या) कार्डांवर १००० किंवा २००० चा काउंटर छापलेला असतो. त्यामुळे ५००० चा हल्ला अडवायला समोरच्याला १००० चा काउंटर पुरतो, ६००० च्या हल्ल्याला २००० लागतात आणि ७००० च्या हल्ल्याला ३०००. हा शेवटचा टप्पा महत्त्वाचा आहे, कारण ३००० चा काउंटर छापलेले कॅरेक्टर सहसा हाती नसते. समोरच्याला दोन कार्डे टाकावी लागतात, नाहीतर डॉन राखून इव्हेंट (एकदा वापरून बाद होणारे कार्ड) खेळावा लागतो. एका हल्ल्याने दोन कार्डे काढून घेतली की तुमची अर्धी लढाई त्या हल्ल्यानेच केली, असे समजा.

आता झोरोकडे येऊ. तुमच्या पत्रातला रोख त्याच्याकडेच दिसतो आणि तुमच्याजवळची लाल कार्डे त्याला चालतात. पहिल्या संचातल्या लाल झोरोवर एवढेच लिहिले आहे की त्याला एक डॉन जोडलेले असेल तर तुमच्या पाळीत तुमच्या सर्व कॅरेक्टरांची पॉवर १००० ने वाढते. वाचायला हे किरकोळ वाटते. त्याची तुमच्या सध्याच्या लुफीशी तुलना करून पाहा. स्टार्टर डेकमधला लुफी पाळीत एकदा खर्चून आडवे झालेले एक डॉन लीडरला किंवा एका कॅरेक्टरला जोडू देतो. म्हणजे कार्ड उतरवायला वापरलेल्या डॉनमधून आणखी १००० पॉवर फुकट मिळते. दोघांसाठी प्रत्येकी एक उभे डॉन धरले, तर लुफीकडे ते डॉन आणि आडवे डॉन मिळून २००० ची वाढ होते. झोरोकडे लीडरची १००० आणि हल्ला करू शकणाऱ्या प्रत्येक कॅरेक्टरमागे १०००. हल्ला करणारे कॅरेक्टर एकच असेल तर दोघे सारखे. दोन असतील तर झोरो १००० ने पुढे, चार असतील तर ३००० ने.

हे एका प्रत्यक्ष पाळीवर मांडून दाखवतो. तुम्ही पहिले खेळत आहात, ही तुमची तिसरी पाळी आहे, पाच डॉन उभी आहेत. मैदानावर मागच्या पाळीत उतरवलेले ५००० पॉवरचे एक साधे कॅरेक्टर आहे आणि हातात तीन कॉस्टचा, ५००० पॉवरचा, रश असलेला झोरो आहे. तीन डॉन खर्चून तुम्ही तो उतरवता. रशमुळे तो लगेच हल्ला करू शकतो. उरलेल्या दोन डॉनपैकी एक लीडरला, एक जुन्या कॅरेक्टरला. लीडर झोरो असेल तर तीन हल्ले ६०००, ६००० आणि ७००० चे होतात, आणि ५००० च्या लीडरला सगळे अडवायचे तर २०००, २००० आणि ३००० मिळून ७००० चे काउंटर टाकावे लागतात. याच पाळीत लीडर लुफी असता तर आडवे डॉन रशवाल्या झोरोला देऊन तुम्हाला ६००० चे तीन हल्ले मिळाले असते आणि समोरच्याचा खर्च ६००० झाला असता. मजकूरच नसलेला लीडर असता तर तो ५००० वरच थांबला असता. म्हणजे या पाळीत झोरोची लुफीवरची आघाडी केवळ हजाराची आहे. ती मोठी होण्यासाठी तुमच्याकडे तिसरे आणि चौथे कॅरेक्टर उभे हवे, आणि ते समोरच्याच्या पाळीतून वाचून तुमच्या पुढच्या पाळीपर्यंत टिकलेले हवे.

यावरून झोरोचा डेक कसा असला पाहिजे, हे आपोआप निघते. एक ते चार कॉस्टची कॅरेक्टरे भरपूर, कारण त्याला संख्या हवी. मोठी, आठ-नऊ डॉनची कॅरेक्टरे जवळजवळ नाहीत. तेवढी डॉन जमेपर्यंत सामना संपवणे हाच त्याचा बेत. समोरच्याचे ब्लॉकर (हल्ला स्वतःवर घेणारी कॅरेक्टरे) बाजूला करणारी किंवा पॉवर घटवणारी थोडी कार्डे हवीत. उदाहरणार्थ, एक कॉस्टची ओटामा उतरताना समोरच्या एका कॅरेक्टरची पॉवर त्या पाळीपुरती २००० ने घटवते आणि हातात असताना २००० चा काउंटरही देते, त्यामुळे ती दोन्ही बाजूंनी कामाला येते. आणि त्याची कमजोरीही येथेच आहे. लहान कॅरेक्टरे एकेक करून उचलणारा प्रतिस्पर्धी समोर आला की झोरोचा मजकूर निरुपयोगी होतो. त्याची वाढ फक्त तुमच्या पाळीत असते, बचावात तिचा काडीचाही उपयोग नाही. झोरो घ्यायचा तर ही उणीव मान्य करून घ्या. बचावाची महागडी कार्डे भरून ती झाकू गेलात तर संख्याही जाते आणि बचावही अर्धवट राहतो.

काताकुरीचा हिशेब अगदी वेगळा आहे. पिवळ्या काताकुरीला एक डॉन जोडून हल्ला केला की तो तुमच्या किंवा समोरच्याच्या लाइफमधले (पालथ्या ठेवलेल्या, लीडरला हल्ला लागला की एकेक करून हातात जाणाऱ्या कार्डांतले) वरचे एक कार्ड पाहतो, ते वर किंवा तळाशी ठेवतो, आणि त्या लढाईपुरती त्याची पॉवर आणखी १००० ने वाढते. पाच हजार, डॉनचे एक हजार आणि मजकुराचे एक हजार: एका डॉनमध्ये ७००० चा हल्ला, म्हणजे दर पाळीला एका डॉनमध्ये समोरच्याची दोन कार्डे. यासाठी मैदानावर काहीही असावे लागत नाही. लीडर कोणी उचलून नेऊ शकत नाही, त्यामुळे हा हल्ला तुमची कॅरेक्टरे उडवून बंद पाडता येत नाही. तुमचा मित्र तुम्हाला सतत हरवतो त्याचे एक कारण हे असावे. तो दुसऱ्या पाळीपासून एक डॉन लीडरवर ठेवून उरलेल्या सगळ्या डॉनमध्ये बिनघोर कॅरेक्टरे उतरवू शकतो. वर त्याला लाइफची माहिती मिळते. तुमचे वरचे कार्ड तुमच्या फायद्याचे दिसले तर तो ते तळाशी सारतो, आणि स्वतःचे पाहिले तर ट्रिगर (लाइफमधून निघताच फुकट वापरता येणारा मजकूर) कधी येणार हे त्याला आधीच कळते.

काताकुरी शिकायला सोपा आणि नीट खेळायला अवघड आहे. हल्ला सोपा, पण कोणाचे लाइफ पाहायचे, हा निर्णय दर पाळीला करावा लागतो. माझी पद्धत अशी की सुरुवातीला समोरच्याचे पाहावे, कारण त्या वेळी त्याला लाइफमधून मिळणारे कार्ड त्याच्या पुढच्या दोन पाळ्या घडवते. आपले लाइफ दोनवर आले की आपले पाहावे, कारण तेव्हा ट्रिगरच्या जागेवर जीव अवलंबून असतो. तुमच्या गटात एक काताकुरी असताना दुसरा विकत घेण्यापूर्वी मित्राचाच डेक एखादी दुपार उसना मागा. चांगला मित्र नाही म्हणणार नाही, आणि उलट्या बाजूने बसल्यावर त्याच्या डेकची दुखरी जागाही तुमच्या लक्षात येईल.

न्यूगेट तुमच्या यादीत नाही, पण तो तुमच्यासमोर बसतो म्हणून त्याच्याबद्दल लिहिणे भाग आहे. त्याची पॉवर ६००० आणि लाइफ सहा. तुमचे ५००० चे हल्ले त्याला लागतच नाहीत. प्रत्येक हल्लेखोराला एकेक डॉन जोडत बसावे लागते आणि तुमची पाळी तिथेच संपते. त्याबदल्यात त्याला स्वतःच्या प्रत्येक पाळीअखेर लाइफमधले वरचे कार्ड हातात घ्यावेच लागते. त्याला कोणी हात लावला नाही तरी चौथ्या पाळीअखेर त्याचे लाइफ दोनवर येते. हात भरलेला आणि आयुष्य घटते, अशा स्थितीत तो घाई करणारच. त्याच्याविरुद्ध पहिल्या दोन पाळ्यांत लीडरवर डॉन उधळू नका. तेवढ्यात मैदान भरा, त्याची आडवी झालेली कॅरेक्टरे टिपा, आणि तो स्वतः खाली आल्यावर अंगावर जा. येथे झोरोचा मोठा फायदा आहे: एका डॉनमध्ये तुमची ५००० ची सगळी कॅरेक्टरे ६००० वर जातात आणि न्यूगेटला लागू लागतात. वरच्या उदाहरणातल्या पाळीत मजकूर नसलेल्या लीडरचा एक हल्ला न्यूगेटसमोर वाया गेला असता, झोरोचे तिन्ही हल्ले अडवायला मात्र त्याला ४००० चे काउंटर खर्चावे लागतात.

एनेल हा तिघांत सर्वांत संयम मागणारा लीडर आहे. समोरच्याच्या पाळीत एनेलचे लाइफ शून्यावर आले की पाळीत एकदा डेकमधले वरचे कार्ड लाइफमध्ये येते आणि हातातले एक कार्ड टाकावे लागते. इतर लीडर एका लाइफवर असताना दोन हल्ले लागले की हरतात; एनेलला त्याच पाळीत तीन लागावे लागतात. त्यामुळे एनेलचा डेक एका लाइफवर बराच काळ तग धरून दहा डॉनपर्यंत पोचण्यासाठी बांधलेला असतो, आणि त्यात मोठी कॅरेक्टरे शोभतात. पण लक्षात घ्या की हा मजकूर डॉन मागत नसला तरी कार्ड मागतो. हातात दोनच कार्डे उरली असताना एक टाकून द्यावे लागले की पुढचा हल्ला अडवायला एकच कार्ड राहते. एनेल खेळणाऱ्याने कोणता हल्ला अडवायचा आणि कोणता लाइफवर घ्यायचा, हे पहिल्या पाळीपासून ठरवत जावे लागते, आणि हीच कला नवशिक्याला सर्वांत उशिरा येते. सुरुवातीचे हल्ले लाइफवर घेणे बहुधा योग्य असते, कारण लाइफमधले कार्ड हातात येते. पाच लाइफचा लीडर म्हणजे तुमच्यासाठी राखून ठेवलेली पाच कार्डे. तरीही मी तुम्हाला सध्या एनेल सुचवणार नाही. त्याच्या अवघडपणापेक्षा मोठे कारण हे की तुमच्याजवळच्या लाल कार्डांपैकी एकही त्याला चालत नाही आणि सगळा डेक शून्यापासून जमवावा लागेल.

लीडर तुमच्या डेकमधल्या जागा कशा व्यापतो, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे पहिल्या संचातला निळा दोफ्लामिंगो. दोन डॉन जोडून हल्ला करताना आणखी एक डॉन आडवे केले की तो डेकमधले वरचे कार्ड उघडतो. ते चार किंवा त्याहून कमी कॉस्टचे, सात वॉरलॉर्ड गटातले कॅरेक्टर असेल तर ते फुकट मैदानात येते. तीन डॉनमध्ये ७००० चा हल्ला आणि चार डॉनचे कॅरेक्टर, हे ऐकायला भारी वाटते. पण पन्नासपैकी अठ्ठावीस कार्डे त्या वर्णनात बसणारी ठेवली तरी नुसत्या नशिबावर उघडलेले कार्ड शंभरात छप्पन वेळाच लागेल. म्हणून त्या डेकमध्ये वरची कार्डे पाहून लावणारी कार्डे घालावीच लागतात, आणि तुमच्या आवडीच्या कार्डांसाठी जेमतेम दहा-बारा जागा उरतात. याउलट दुसरा, हिरवा-जांभळा दोफ्लामिंगो पाळीअखेर दोन डॉन परत उभी करतो. ती दोन डॉन समोरच्याच्या पाळीत वापरता आली नाहीत तर लीडर फुकट जातो, म्हणून त्याच्या डेकमध्ये एक-दोन कॉस्टचे काउंटर इव्हेंट हवेतच. नाव एकच, चेहरा तोच, आणि दोन्ही डेकांत सारखे जवळजवळ काहीच नाही. आवडते पात्र म्हणून लीडर घेण्याला माझा विरोध नाही, उलट आवडत्या लीडरबरोबर माणूस जास्त सराव करतो. फक्त त्या पात्राच्या कोणत्या कार्डाला आपण हो म्हणत आहोत, हे मजकूर वाचून ठरवा.

रंगांबद्दल फार लिहीत नाही. लाल पॉवर घटवतो आणि घाई करतो, हिरवा समोरच्याची कार्डे आडवी ठेवतो आणि आपली उभी करतो, निळा कार्डे हातात किंवा डेकच्या तळाशी परत धाडतो, जांभळा डॉनची संख्या हलवतो, काळा कॉस्ट घटवून कॅरेक्टरे बाद करतो आणि ट्रॅशमधून (बाद कार्डांच्या ढिगातून) कार्डे परत आणतो, पिवळा लाइफशी खेळतो. दुरंगी लीडरांना कार्डांची निवड मोठी मिळते आणि त्याची किंमत म्हणून सहसा पाचऐवजी चार लाइफ असते. एका लाइफची ही किंमत नवशिक्याला जड जाते.

आता पन्नास कार्डांची बांधणी. झोरो धरून सांगतो, पण आकडे बहुतेक डेकांना लागू पडतील. जे कार्ड तुम्हाला पहिल्या दोन पाळ्यांत हवेच आहे, त्याच्या चारही प्रती घ्या. चार प्रती असताना सुरुवातीच्या पाच कार्डांत त्यांतली किमान एक येण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के आहे. हात न आवडल्यास पाचही कार्डे एकदा बदलता येतात, ती सोय फक्त याच कार्डासाठी वापरली तर शक्यता ५८ टक्क्यांपर्यंत जाते. तेच काम करणारी दोन वेगळी कार्डे मिळून आठ प्रती ठेवल्या तर हे आकडे अनुक्रमे ६० आणि ८४ टक्के होतात. या फरकामुळेच मी शोधणाऱ्या कार्डांना इतके महत्त्व देतो. लाल रंगातली एक कॉस्टची नामी उतरताना डेकमधली वरची पाच कार्डे पाहू देते आणि त्यांतले स्ट्रॉ हॅट गटाचे (लुफीच्या टोळीचे), नामी सोडून दुसरे एक कार्ड हातात घेऊ देते. ती घ्यायची तर डेकमध्ये त्या गटाची कार्डे भरपूर हवीत, नाहीतर पाच कार्डे पाहून रिकाम्या हाताने परतावे लागते. हेही ध्यानात ठेवा की चार प्रती असलेल्या कार्डाची किमान एक प्रत पाच लाइफमध्ये अडकण्याची शक्यताही ३५ टक्केच आहे. सगळा बेत एकाच कार्डावर उभा असेल तर दर तीन सामन्यांतल्या साधारण एका सामन्यात त्याची एक प्रत लाइफमध्ये बंद असते.

काउंटर मोजणे हे काम लोक टाळतात. पन्नास कार्डे टेबलावर पसरा आणि तीन ढीग करा: २००० चा काउंटर असलेली, १००० चा असलेली आणि काउंटरच नसलेली. मी २००० वाली कार्डे दहाच्या खाली जाऊ देत नाही आणि काउंटर नसलेली बारा-तेराच्या वर जाऊ देत नाही. झोरोसारख्या घाईच्या डेकमध्ये दुसरा आकडा थोडा सैल सोडता येतो, एनेलमध्ये अजिबात नाही. स्टार्टर डेक कमी पडतो तो बहुधा याच ठिकाणी, कारण त्यात शोभेची मोठी कार्डे आणि बेताचे काउंटर असतात.

पैसे खर्च करण्यापूर्वी पुढील प्रयोग करा. हव्या त्या डेकमधली कार्डे कागदावर लिहून जुन्या कार्डांवर, कव्हरच्या आत सरकवा आणि मित्रांबरोबर खेळा. घरच्या खेळात याला कोणाची हरकत नसते, स्पर्धेत हे चालत नाही. शेजारी वही ठेवा आणि प्रत्येक पाळीनंतर दोन गोष्टी टिपा: किती डॉन न वापरता राहिली, आणि पाळी सुरू होताना तुमची किती कॅरेक्टरे हल्ला करू शकत होती. सामना हरलात तर कसा हरलात, तेही एका ओळीत लिहा. हात भरलेला असताना हरलात तर हातात काउंटर नसलेली किंवा महाग कार्डे अडकली होती, बांधणी सुधारा. हात रिकामा असताना हरलात तर सुरुवातीचे हल्ले अनावश्यक अडवले, किंवा डेकमध्ये कार्डे ओढण्याची सोय नाही. समोरच्याचे एक-दोन लाइफ उरले असताना हरलात तर मधल्या पाळ्यांतली डॉन चुकीच्या जागी गेली. या तीन पराभवांची औषधे वेगवेगळी आहेत, आणि लीडर बदलणे हे त्यांतल्या एकाचेही पहिले औषध नाही.

तुमच्यापुरते बोलायचे तर वहीतला हल्लेखोर कॅरेक्टरांचा आकडा निर्णय देईल. लुफी खेळताना तिसऱ्या आणि चौथ्या पाळीला तुमच्याकडे दोन किंवा अधिक हल्लेखोर सातत्याने असतील तर झोरो घ्या. तुमची बरीच लाल कार्डे त्यात वापरता येतील, न्यूगेटविरुद्ध लगेच फरक दिसेल, आणि काताकुरीविरुद्धही तो स्थिरावण्याआधी गाठण्याची संधी मिळेल. आकडा एकवरच अडकत असेल तर झोरो तुम्हाला लुफीपेक्षा एका हजाराचेही जास्त देणार नाही. मग लीडर तोच ठेवा आणि बाजूला काढलेले पैसे लहान कॅरेक्टरे, नामीसारखी शोधणारी कार्डे आणि २००० चे काउंटर यांवर घाला. मैदानावर कॅरेक्टरे राखण्याची कटकटच नको, असे खेळून वाटले, तर काताकुरी तुमच्या स्वभावाला जास्त जवळचा आहे आणि त्यासाठी नवा रंग जमवण्याचा खर्च सार्थ ठरेल.

राहिला पाळीचा प्रश्न. डेकमधली महत्त्वाची कार्डे कोणत्या कॉस्टची आहेत, यावर उत्तर ठरते. तीन, पाच आणि सात कॉस्टवर भर असेल तर पहिली पाळी सोयीची, कारण तुमची डॉन त्याच क्रमाने येतात आणि काहीही उरत नाही. चार, आठ आणि दहावर भर असेल तर दुसरी, आणि दहा डॉनही तुम्हाला पाचव्याच पाळीत मिळतात, पहिल्याला सहावी लागते. पहिल्या पाळीत कोणालाच हल्ला करता येत नाही, म्हणून पहिल्या हल्ल्याचा मान पहिल्या खेळाडूच्या दुसऱ्या पाळीला, तीन डॉनवर असतो. तीन कॉस्टचा रश असलेला झोरो हातात असेल तर ती पाळी फार मोलाची ठरते, म्हणून झोरोबरोबर मी पहिली पाळी घेतो. न्यूगेटसमोर तर नक्कीच पहिली घ्या: त्याच्या ६००० पॉवरच्या लीडरने हल्ले सुरू करण्याआधी तुमची दोन कॅरेक्टरे मैदानात उभी राहिलेली असतील.